उभ्या खोडातली आणि आडव्या खोडावरची

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून निघालेली आगगाडी दीड तासाच्या आसपास ब्रॉकनहर्स्टला पोचते, तोवर ‘न्यू फॉरेस्ट’ सुरू झालेले असते. नावात ‘नवे’ असले तरी हे अरण्य जवळजवळ साडेनऊशे वर्षांचे आहे. विल्यम द कॉन्करर या नॉर्मन राजाने 1079 च्या सुमारास आपल्या शिकारीसाठी ते राखून घेतले. त्या काळी ‘फॉरेस्ट’ म्हणजे दाट झाडी नव्हे, तर शिकारीच्या कायद्याखाली आलेला मुलूख. त्यामुळे आजही इथे मैलोन्‌मैल उघडी माळराने दिसतात, रस्त्यावर तट्टे खुशाल उभी असतात आणि मोटारी त्यांची वाट पाहत थांबतात. शरद ऋतूत गावकरी आपली डुकरे रानात सोडतात. हिरवी ओकफळे तट्टांना बाधतात, डुकरांना पचतात. तेव्हा ती डुकरांनी खाऊन टाकावीत हा शतकांपूर्वीचा रिवाज अजून टिकून आहे. बहुतेक प्रवासी तट्टे पाहतात, लिंडहर्स्टच्या उपाहारगृहात चहा घेतात आणि परततात. पण सप्टेंबर ते नोव्हेंबर या दिवसांत बोल्डरवुडच्या पुढे, मार्क ॲशसारख्या जुन्या बीचराईत जी मंडळी माना वर करून किंवा कमरेत वाकून हिंडताना दिसतात, त्यांचा शोध वेगळा असतो. त्यांना पाहायच्या असतात दोन पांढऱ्याशुभ्र, दुर्मीळ अळंब्या. एकीसाठी मान वर करावी लागते आणि दुसरीसाठी वाकावे लागते. या लेखाचे सगळे म्हणणे या दोन हालचालींच्या फरकात सामावलेले आहे.

या दोघी सख्ख्या बहिणी, ‘हेरिशियम’ या एकाच कुळातल्या. अळंबी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे छत्री आणि तिच्या पोटाशी पुस्तकाच्या पानांसारख्या पाकळ्या येतात. हेरिशियमला छत्री नाही आणि पाकळ्याही नाहीत. तिचे बीजाणू खाली लोंबणाऱ्या मऊ सुळ्यांच्या अंगावर तयार होतात आणि तिथूनच हवेत गळतात. पहिली हेरिशियम एरिनेशियस. झाडाच्या जखमेतून पांढऱ्या लोकरीचा गोळा बाहेर यावा आणि त्याला चार-पाच सेंटिमीटर लांबीच्या झुपकेदार झालरी फुटाव्यात, असे तिचे रूप. इंग्रजीत तिला सिंहाची आयाळ म्हणतात, चिनी भाषेत माकडाचे डोके, तर जपानीत डोंगरात तप करणाऱ्या यामाबुशी साधूंच्या नावाने ती ओळखली जाते. शास्त्रीय नावातला ‘एरिनेशियस’ म्हणजे जाहक, तो काटेरी अंगाचा छोटा प्राणी. दुसरी हेरिशियम कोरॅलॉइडिस. हिचा गोळा होत नाही. एका बुंध्यातून फांद्या फुटतात, त्यांना उपफांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीच्या खालच्या अंगाला सेंटिमीटरभर लांबीच्या सुळ्यांची रांग लागते. समुद्रातले पोवळे कुणीतरी जंगलात आणून ठेवावे तशी ती दिसते. सोयीसाठी पहिलीला आयाळ-अळंबी आणि दुसरीला पोवळे-अळंबी म्हणू. या कुळातल्या नावांचा घोळ मात्र जुना आहे. उत्तर अमेरिकेतल्या पुस्तकांत पोवळे-अळंबीचे शास्त्रीय नाव बरीच वर्षे भलत्याच बहिणीला दिले जात होते, आणि ती गुंतागुंत 1984 मध्ये जाऊन सुटली. तेव्हा जुनी पुस्तके हातात धरून ओळख पटवणाऱ्याने जरा बेतानेच विश्वास ठेवावा.

दोघींचे घर बहुधा एकच, ते म्हणजे बीच नावाचे झाड. नावावरून समुद्रकिनारा आठवला तरी या झाडाचा वाळूशी संबंध नाही. हत्तीच्या पायासारखे गुळगुळीत राखाडी खोड आणि खाली फारसे काही उगवू न देणारी गर्द सावली ही त्याची खूण. आयाळ-अळंबी ओकवरही येते, पोवळे-अळंबी ॲश या झाडावरही येते. पण इंग्लंडच्या दक्षिणेत दोघींची गाठ पडते ती म्हाताऱ्या बीचवर. तो बीच इथे म्हातारा का होऊ शकला याची हकीकत अळंबीपेक्षा माणसाबद्दल अधिक सांगते. मध्ययुगात लोक झाड मुळातून तोडत नसत. गुराच्या तोंडाला येणार नाही अशा उंचीवर, म्हणजे डोक्याच्या वर, ते माथा छाटत आणि काही वर्षांनी नव्या फुटलेल्या फांद्या सरपणाला नेत. कोकणात राबासाठी ऐन-किंजळाची कवळे तोडतात त्याच्याशी या रीतीचे जवळचे नाते आहे. असे छाटलेले झाड बुटके राहते, वाऱ्याला कमी अडते आणि न छाटलेल्या झाडाच्या दुप्पटही जगू शकते. पण अशा झाडातून जहाजाचे लाकूड निघत नाही. इंग्रजांच्या आरमाराला लाकूड हवे होते, म्हणून 1698 च्या कायद्याने न्यू फॉरेस्टमधली माथाछाट बंद केली. म्हणजे आज तिथे माथा छाटलेला जुना बीच दिसला, तर त्याच्या छाटणीची सुरुवात बहुधा तीन शतकांपूर्वीची. पुढे एकोणिसाव्या शतकात सरकारने जुनी राई तोडून ओळीत नवी झाडे लावण्याचा सपाटा चालवला. त्याविरुद्ध गावकऱ्यांनी, निसर्गप्रेमींनी आणि चित्रकारांनी आवाज उठवला आणि 1877 च्या कायद्याने उरलेल्या जुन्या राया वाचल्या. त्या लोकांनी राई वाचवली ती तिच्या देखणेपणासाठी. अळंबीचे नाव त्या भांडणात कुणाच्या तोंडी असण्याचे कारण नव्हते. तरीही आजच्या अळंब्या त्या भांडणाच्या जोरावर जगताहेत.

आता मान वर करू. आयाळ-अळंबी दिसते ती उभ्या, जिवंत झाडावर, कधी माणसाच्या उंचीवर, कधी दहा-बारा मीटर वर, मोडलेल्या फांदीच्या खोबणीत. आपल्याला दिसते ते तिचे फळ. खरी अळंबी म्हणजे आत लाकडात पसरलेले तंतूंचे जाळे, कवकजाल. झाडाचा आतला गाभा तसाही मेलेल्या पेशींचा असतो. जिवंत असतो तो सालीखालचा पातळ थर आणि त्याला लागून असलेले बाहेरचे लाकूड. आयाळ-अळंबी या मेलेल्या गाभ्यावर जगते, तो पांढरा आणि मऊ करून टाकते. झाड पोकळ होते, पण लगेच मरत नाही. पोकळ नळी भरीव कांबीइतकी जड नसते आणि वाऱ्यात चांगली टिकते, हे सायकलच्या नळ्या बनवणाऱ्यालाही ठाऊक असते. शिवाय गाभ्यात अडकून पडलेली खनिजे कुजण्यातून मोकळी होतात आणि झाडाला ती पुन्हा वापरता येतात. ‘पोकळ झाड म्हणजे आजारी झाड’ ही वनखात्यांची जुनी समजूत म्हणूनच चुकीची ठरली आहे. या अळंबीला घाई नसते. एकाच झाडावर, एकाच जखमेतून ती वर्षानुवर्षे फळत राहते, मधली काही वर्षे मुकाट राहते आणि पुन्हा येते. तिला हवे असते ते झाडाचे म्हातारपण. जाड गाभा, जुनी जखम आणि पुढची अनेक दशके कुणी करवत लावणार नाही याची हमी.

पोवळे-अळंबीसाठी मात्र वाकावे लागते. ती बहुधा मेलेल्या खोडावर येते, त्यातही पडलेल्या, साल सुटू लागलेल्या, आतून भुसभुशीत झालेल्या खोडावर. जिथे आयाळ-अळंबीचे काम झाडाच्या उतारवयात चालते, तिथे पोवळे-अळंबीचे काम झाडाच्या मरणानंतर रंगात येते. तिचा मुक्काम त्या खोडाइतकाच टिकतो. खोड मातीला मिळाले की तिला दुसरे खोड शोधावे लागते आणि ते बीजाणूंच्या आवाक्यात असावे लागते. म्हणजे एक म्हातारे झाड असून भागत नाही. झाडे टप्प्याटप्प्याने पडत राहिली पाहिजेत आणि पडलेली तिथेच राहिली पाहिजेत. या दुसऱ्या अटीवरच इंग्लंड अडखळले. 15 ऑक्टोबर 1987 च्या रात्री दक्षिण इंग्लंडवर वादळ आले आणि दीड कोटीच्या आसपास झाडे आडवी झाली. अळंबीच्या नजरेने पाहिले तर शतकातून एकदा मिळणारे हे घबाड होते. पण माणसाच्या नजरेला ती नासधूस वाटली. यंत्रे आली, खोडे ओढून नेली गेली, जमीन साफ करून नवी रोपे लावली गेली. केंटमधल्या टॉइज हिलसारख्या काही ठिकाणी मात्र थोडा भाग मुद्दाम जसाच्या तसा सोडला आणि पुढे लोकांच्या लक्षात आले की साफ न केलेली जागा आपणहून आणि चांगल्या रीतीने सावरते. नीटनेटकेपणाची हौस वादळाहून महाग पडली, असे म्हणणे त्यानंतर कुणाला वेडेपणाचे वाटले नाही.

आता मूळ प्रश्न असा की दोघींना वाचवायचे कसे. ब्रिटनचे उत्तर 1981 च्या वन्यजीव आणि ग्रामीण परिसर कायद्यात आहे. त्याच्या आठव्या परिशिष्टात मोजक्याच अळंब्या आहेत आणि आयाळ-अळंबी त्यांपैकी एक. ती तोडणे, नष्ट करणे, विकणे हा गुन्हा आहे. पोवळे-अळंबी त्या यादीत नाही. एरवी ब्रिटनमध्ये घरच्यापुरती रानअळंबी वेचणे ही 1968 च्या कायद्यानुसार चोरी ठरत नाही. तरी 2016 मध्ये न्यू फॉरेस्टच्या सरकारी रानात कोणतीच अळंबी वेचू नका असे आवाहन वनखात्याने केले. या सगळ्यामागे एक गृहीत आहे, अळंबीचा शत्रू म्हणजे वेचणारा हात. ते तपासून पाहिले पाहिजे. स्वित्झर्लंडमधल्या ला शानेआ या राखीव रानात 1975 पासून 29 वर्षे नोंदी ठेवल्या गेल्या. काही तुकड्यांतली अळंबी वेचली, काहींतली तशीच ठेवली. 2006 मध्ये निष्कर्ष छापून आला की वेचल्यामुळे पुढच्या वर्षांचे पीक घटले नाही. आंबे उतरवल्याने झाड मरत नाही, तसे फळ तोडल्याने जमिनीखालचे जाळे मरत नाही. तेव्हा कुणी म्हणेल, मग बंदी उठवा. तो निष्कर्ष मात्र उतावळा आहे. स्विस नोंदी मुख्यतः जमिनीवर उगवणाऱ्या, जागोजाग सापडणाऱ्या अळंब्यांच्या होत्या. आयाळ-अळंबीची फळणारी झाडे मोजकी असतील, तर प्रत्येक फळातून गळणारे बीजाणू ही दुसऱ्या झाडाची जखम गाठण्याची तिला मिळालेली दुर्मीळ संधी आहे. म्हणून बंदी असू द्यावी. पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. करवतीने झाडच गेले तर बंदी कुणाला लागू करायची? आणि पोवळे-अळंबीला तर या बंदीचा काडीचाही उपयोग नाही. तिचे घर सरपण म्हणून किंवा स्वच्छता म्हणून उचलले जाते आणि तेव्हा अळंबी कुठे दिसतही नसते.

यावर एक बारकाईचा आक्षेप येतो. अळंबी दुर्मीळ आहे की दुर्मीळपणे दिसते? फळ दिसले नाही म्हणून जाळे नाही असे कसे म्हणता येईल? आक्षेप रास्त आहे आणि त्याला पुरावाही आहे. कार्डिफ विद्यापीठातल्या लिन बॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये लाकडातला डीएनए ओळखण्याची एक चाचणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या पद्धतींनी काहीच हाती लागत नव्हते अशा लाकडातही या सुळेवाल्या अळंब्या त्या चाचणीने सापडल्या. लाकूड कुजवणाऱ्या अनेक बुरश्या धडधाकट झाडांच्या लाकडातही मूकपणे बसलेल्या असतात, हेही त्याच गटाच्या पुढच्या कामातून दिसले. मग धोका खोटा ठरतो का? नाही, उलट तो नेमका होतो. बीजरूपाने बसलेली बुरशी ही जत्रेच्या वाटेवर थांबलेल्या यात्रेकरूसारखी आहे. वाट मोकळी झाली तरच ती पुढे जाणार. जाडजूड गाभा, जखम आणि फुरसत मिळाली नाही तर ती फळणार नाही, आणि फळल्याशिवाय बीजाणू पसरणार नाहीत. लपून राहणे म्हणजे सुखरूप असणे नव्हे. डीएनएची चाचणी आपल्याला फार तर एवढे सांगते की आशा कुठे शिल्लक आहे. ती आशा पुरी करायला झाड वाढू द्यावे लागते.

दुसरा आक्षेप बाजारातून येतो आणि तो मराठी वाचकालाही ओळखीचा वाटेल. ‘लायन्स मेन’ नावाच्या गोळ्या आणि भुकट्या आज पुण्या-मुंबईत घरपोच मिळतात. चीन आणि जपानमध्ये ही आयाळ-अळंबी लाकडाच्या भुश्शाच्या पिशव्यांत मोठ्या प्रमाणावर पिकवतात. मज्जापेशींच्या वाढीला चालना देणारी द्रव्ये तिच्यात आहेत, असे जपानी संशोधकांनी 1990 च्या दशकात दाखवल्यापासून तिची कीर्ती वाढली. जाहिराती मात्र त्या संशोधनाच्या कितीतरी पुढे धावत आहेत. मग जी वस्तू टनावारी पिकते ती संकटात कशी? उत्तरासाठी आपल्याच अंगणात पाहावे. हापूसच्या बागा हजारो एकर वाढल्या म्हणून गावोगावचे रायवळ आंबे सुरक्षित झाले नाहीत. प्रत्येकाची चव, काळ, कोयीचा आकार वेगळा असलेली ती झाडे एकेक करून गेलीच. पिशवीतली अळंबी म्हणजे पिकायला सोप्या अशा थोड्या वाणांची वंशावळ. रानातल्या बुरशीच्या अंगी त्या त्या प्रदेशाच्या थंडी-पावसाशी शतकानुशतके जुळवून घेतलेले वैविध्य असते. आणि त्याहून मोठा मुद्दा म्हणजे पिशवीतली अळंबी झाड पोकळ करत नाही. रानातली करते आणि त्या पोकळीत वटवाघळे, घुबडे, भुंगे राहायला येतात. विंडसरच्या राजवनात जांभळट झाक असलेला एक टिचकी-भुंगा आहे. म्हाताऱ्या बीच आणि ॲशच्या पोकळ बुडाशी साचणाऱ्या काळ्या भुश्शातच त्याच्या अळ्या वाढतात. 1937 मध्ये तो तिथे सापडला आणि आजही ब्रिटनमधली त्याची ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. तो भुंगा गोळ्यांच्या डबीत राहू शकत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या मांडणीवरच आहे. एक उभ्या झाडात, दुसरी पडल्या झाडावर, अशी सरळ फाळणी निसर्गात असते का? अर्थातच नसते. आयाळ-अळंबी असलेले झाड कोसळले तर ती त्या आडव्या खोडावरही काही काळ फळते. तोडून रचलेल्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडातूनही ती डोकावते. पोवळे-अळंबी उभ्या मेलेल्या बुंध्यावरही येते. पण अपवाद नीट पाहिले तर त्यांतून नियम पुसला जात नाही, दोघींतले अंतर मात्र कळते. ओंडक्यावरची आयाळ-अळंबी झाड जिवंत असतानाच आत शिरलेली असते. तिथे ती जुनी शिदोरी संपवत असते. म्हणजे फाळणी जागेची नसून काळाची आहे. एकाच झाडाच्या आयुष्यरेषेवर या दोघी पुढे-मागे उभ्या आहेत आणि त्यांची गरज एकमेकींच्या विरोधातही जाऊ शकते. पडलेले लाकूड वाढावे म्हणून म्हातारी झाडे पाडली तर पोवळे-अळंबीचे आज भागेल, पण आयाळ-अळंबीचे घर मोडेल आणि उद्या पोवळे-अळंबीसाठी पडायला झाडही उरणार नाही. उलट म्हातारी झाडे आधार देऊन उभी ठेवायची आणि पडलेल्या फांद्या मात्र उचलून न्यायच्या, असे अनेक उद्यानांत चालते. त्यात पहिलीची सोय होते, दुसरीची उपासमार. म्हणूनच एकेका जातीची यादी करून तिला संरक्षण देण्याची पद्धत इथे अपुरी पडते. 2003 मध्ये युरोपातल्या 33 संकटग्रस्त बुरश्या वन्यजीव-संरक्षणाच्या बर्न कराराच्या यादीत घ्याव्यात असा प्रस्ताव आला, त्यात आयाळ-अळंबी होती. तो प्रस्ताव पुढे सरकला नाही हे वाईटच झाले. पण सरकला असता तरी झाडाच्या पूर्ण आयुष्याला संरक्षण देणारी यादी अजून लिहायची बाकीच राहिली असती.

आणि खरी अडचण त्या आयुष्याच्या लांबीतच आहे. लंडनच्या पश्चिमेला बर्नहॅम बीचेस नावाची राई आहे. लंडन शहराच्या महापालिकेने ती 1880 मध्ये लोकांसाठी विकत घेतली. तिथले माथा छाटलेले बीच चार-पाच शतकांचे आहेत आणि एकेक करून संपत आहेत. त्यांच्या मागची झाडे दीडशे-दोनशे वर्षांची, कारण माथाछाट थांबल्यावर नवी पिढी तशी घडलीच नाही. मधल्या पिढीचा हा खड्डा पैशाने भरत नाही. म्हणून आता जुन्या झाडांचा भार हळूहळू हलका करतात, तरुण झाडांचा माथा पुन्हा छाटू लागले आहेत आणि काही ठिकाणी तर तरुण झाडांना करवतीने मुद्दाम जखमा करून त्यांना लवकर म्हातारे करण्याचे प्रयोग चालू आहेत. दुसरीकडे ॲशला मारणारी, आशियातून आलेली बुरशी 2012 मध्ये ब्रिटनमध्ये आढळली. ॲशची खोडे मरून पडतील तेव्हा पोवळे-अळंबीला काही वर्षे सुगी येईल, पण त्या सुगीमागे दुष्काळ आहे. रस्त्याकडेची मेलेली झाडे लोकांच्या डोक्यावर पडू नयेत हे खरेच. त्यावर उपाय म्हणजे धोक्याची फांदी उतरवावी आणि लाकूड तिथेच आत सरकवून ठेवावे. ते जाळायला नेण्याची गरज नसते.

हे सगळे मराठी कानाला फारसे परके वाटू नये. सह्याद्रीतल्या अनेक देवरायांत वाळकी काटकीदेखील उचलायची नाही असा दंडक होता. देवाचा कोप होईल ही त्यामागची भीती; पण त्या भीतीने झाडाचे म्हातारपण आणि मरण दोन्ही राखले. जिथे देऊळ नवे बांधायला आणि आवार ‘स्वच्छ’ करायला पडकी खोडे हलवली गेली, तिथे देवराईतली उभी झाडे राहिली, पण राई अर्धीच उरली. न्यू फॉरेस्टमध्ये देव नव्हता, राजा होता, आणि राजाच्या शिकारीने तेच काम नकळत केले. आता राजाची शिकार नाही आणि कोपाची भीतीही ओसरली. उरते ती समजून-उमजून केलेली दिरंगाई. मार्क ॲशच्या राईत हिंडणाऱ्या प्रवाशाला अळंबी दिसेलच असे नाही. मान वर करून जुनी जखम आणि खाली पाहून कुजणारे खोड, या दोन गोष्टी एकाच राईत, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर दिसल्या, तर दोघी बहिणींना तिथे राहायला जागा आहे एवढे त्याने खुशाल समजावे.